जाड पानं, तोडलं की दूध, गुलाबी फुलांचा झुपका: ही वेल कोणती, आणि छाटायची का?

खिडकीतली बाग (डोंबिवली)

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. रविवारी सोसायटीचे माळीकाका येतायत आणि त्यांची कात्री कुणाचं ऐकत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू लेकाकडे बंगळूरला गेल्या तेव्हा त्यांच्या कुंड्या आमच्याकडे आल्या. त्यात ही वेल. पानं जाड, गुळगुळीत, समोरासमोर जोडीनं, काहींवर चुना उडाल्यासारखे चंदेरी ठिपके. नर्सरीवाला म्हणाला मनीप्लांटचाच प्रकार, म्हणून पूर्वेच्या खिडकीत ग्रिलवर चढवली आणि विसरले. इतकी वर्षं नुसती पानं. यंदा अचानक एक झुपका लोंबायला लागला! पाच पाकळ्यांची छोटी फिकी गुलाबी फुलं, प्रत्येकाच्या मध्ये आणखी एक पांढरी चांदणी, तिच्या मधोमध लाल. पाकळी हाताला मखमली लागते, मधली चांदणी मात्र चक्क मेणाची वाटते. दिवसा वास नाही, रात्रीची जेवणं आटोपेपर्यंत हॉल भरून जातो. सासूबाई खूश, अहोंचं डोकं दुखतं.

आता फुलं गळलीत आणि बोडका दांडा उरलाय. शिवाय दोन लांबच लांब काठ्यांसारखे फुटवे आहेत, त्यांना एकही पान नाही. दोन्ही छाटायचे का? पान तुटलं तर पांढरं दूध येतं, घरात मांजर आहे, भीती आहे का? आणि फुलांखाली फरशीवर चिकट थेंब पडून मुंग्या आल्या होत्या, तो रोग तर नव्हे?

सदाफुली (नागपूर)

होया! आमच्याकडेही आहे, पण फूल नावाला नाही. वाचतेय.

रानवेल (ठाणे)

ताई, माळीकाकांना चहा पाजा आणि त्या खिडकीपासून लांब ठेवा. तो बोडका दांडा मेलेला नाही. पुढच्या वर्षीची फुलं त्याच्याच टोकाला येणार, आणि दर वर्षी तो थोडा थोडा लांबत जाणार. तो कापलात की वेलीला नवा दांडा धरावा लागतो, त्यात एखादा हंगाम सहज जातो. बिनपानांचे फुटवेही कापू नका. ते आधार शोधत असतात. ग्रिलला सैल गुंडाळून ठेवा, पानं मागाहून फुटतात.

ही होया कार्नोसा. ठिपके वाचून आधी मला होयाचीच दुसरी जात, प्युबिकॅलिक्स, वाटली होती, पण तिची पानं लांबट आणि फुलं बहुधा गडद असतात. मनीप्लांटशी हिचं काही नातं नाही. ही आपल्या रुईच्या, उपळसरीच्या कुळातली, दूध तिथूनच आलं. ते दूध डोळ्यात जाऊ देऊ नका, कुणाकुणाच्या कातडीला खाजही येते. मांजराची काळजी नको, मांजर-कुत्र्यांना ही विषारी धरत नाहीत. होया हे नाव रॉबर्ट ब्राउननं १८१० मध्ये थॉमस हॉय या इंग्लंडमधल्या माळ्यावरून दिलं. माळ्याच्या नावाची वेल माळ्याच्याच कात्रीपासून वाचवायची पाळी आलीय बघा!

थेंब म्हणजे फुलातला मध. पण फुलं नसताना पानं चिकट लागली तर पानांच्या मागे आणि देठांच्या बेचक्यात नीट बघा, पिठ्या ढेकूण नाहीतर मावा असणार. रुईवर येतो तोच पिवळा मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही बसतो. आधी ओल्या फडक्यानं पुसा, मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारा.

फुलं आली ती उजेडामुळे आणि वेल मोठी झाल्यामुळे. पूर्वेचं कोवळं ऊन हिला मानवतं, पश्चिमेच्या दुपारच्या उन्हात पानं पिवळी पडून करपतात. जंगलात ही झाडांवर चढून राहते, त्यामुळे आपल्याकडच्या नर्सरीतली ती घट्ट लाल माती हिच्या मुळांना सोसत नाही. नारळाच्या शेंडीचे तुकडे, कोळशाचे खडे, पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) आणि मूठभर गांडूळखत एवढं पुरे. कुंडी लहानच ठेवा. मोठ्या कुंडीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात. वरचं मिश्रण कोरडं झालं की मगच पाणी. पानात साठा असतो, दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. पावसाळ्यात मात्र कुंडी ग्रिलच्या आत घ्या, आपल्याकडची संततधार हिला झेपत नाही.

एक अजून. कळ्या धरल्या की कुंडीची जागा बदलू नका आणि तेव्हाच माती पार सुकूही देऊ नका, कळ्या पिवळ्या पडून गळतात. वासानं डोकं दुखत असेल तर कुंडी हलवण्यापेक्षा अहोंना हलवा.

सदाफुली (नागपूर)

हे वाचून हसू आलं. पण माझं काय? उन्हाळ्यात इथे ४५ अंश, म्हणून मी घरात आतल्या कोपऱ्यात ठेवते. शिवाय फेब्रुवारीत एक बदामाच्या आकाराचं पान कुंडीत खोचलेलं विकत घेतलं होतं, तेही होयाच म्हणे. हिरवंगार आहे, पण आहे तेवढंच.

रानवेल (ठाणे)

पहिलीला कोपऱ्यातून काढा. अंधारात जगेल, फुलणार नाही. उत्तरेची खिडकी किंवा हिरव्या जाळीखालची गॅलरी बघा. मे महिन्यात कुलरच्या झोतासमोर नको, त्याच खोलीत असली तर चालेल, हवेतला ओलावा हिला आवडतो.

बदामी पान होया केरीचं. नुसतं पान मुळं धरतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण खोडाचा डोळा, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तो भाग, सोबत नसेल तर त्यातून वेल फुटत नाही. बहुतेक दुकानदार हे सांगत नाहीत, मला तर ही फसवणूकच वाटते. पुढच्या वेळी दोन पानं आणि मधलं खोड असलेलं रोप मागा.

आणि रोपं विकतच घ्या. सह्याद्रीतही होया वाइटीआय झाडांवर वाढते. ट्रेकला गेल्यावर ती ओरबाडून आणणारे भेटतात, त्यांचा मला फार राग आहे.

खिडकीतली बाग (डोंबिवली)

दांडा वाचला! लाल लोकरीचा धागा बांधून ठेवलाय, म्हणजे घरातलंही कुणी तोडणार नाही. काकूंना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, मला एक फांदी दे. बंगळूरला कशी पाठवू?

रानवेल (ठाणे)

दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या, दांड्याच्या खालचा नको. दूध पुसून काप सावलीत सुकू द्या. पेरांना दमट कोकोपीट (नारळाच्या शेंडीचा भुसा) लावून प्लास्टिकनं बांधा, पानं उघडी ठेवा आणि भोकं पाडलेल्या खोक्यातून कुरिअर करा. तिथे पोचल्यावर एक पेर मिश्रणात गाडायला सांगा, मुळं पेरातूनच येतात. फुलांसाठी मात्र काकूंना काही वर्षं थांबावं लागेल, हेही आत्ताच सांगून टाका.