मदत हवी आहे: वीस हजारांत दिवसाला चाळीस किलोमीटरसाठी कोणती सायकल घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी भुसावळचा. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला आहे, शिफ्ट सकाळी सातची. नशिराबादवरून हायवेने जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. रेल्वेचा पास काढून पाहिला, पण स्टेशनपासून कारखान्यापर्यंत रिक्षाला इतके पैसे जातात की पास स्वस्त असून उपयोग नाही. दीड वर्षापासून आठवड्यातून तीन दिवस सायकलनेच जातो आणि आता ते सोडवत नाही. पहाटे साडेपाचला निघालं की मे महिन्यातसुद्धा हवा गार असते. परतीचं ऊन मात्र भुसावळचं ऊन, ते तुम्हाला सांगायला नको.

सध्याची सायकल पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअरवाली, ११ हजारांत घेतलेली. दुकानदाराने "तुमच्या उंचीला हीच" म्हणून दिली, मीही विश्वास ठेवला. फ्रेम लहान निघाली. सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर काढली तरी गुडघा पूर्ण उघडत नाही, रात्री दुखतो. सातव्या महिन्यात मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले, तेव्हापासून रिम आऊटच आहे. वजन तर इतकं की पुलावर चढवताना दम लागतो.

म्हणून आता नीट विचारून घ्यायची आहे. हेल्मेट, दिवे, पंप सगळं धरून २० हजार आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. पुण्यात एक जण चार वर्षं जुनी रोडबाईक १६,५०० ला देतोय: वाकडं हँडल, शिमानो कंपनीचे क्लॅरिस सोळा गिअर, टायर २५ मिलिमीटर रुंदीचे, फ्रेम ५६ सेंटिमीटर. फोटोत फार सुंदर दिसते, खरं सांगायचं तर मन तिच्यावरच बसलंय. दुसरी जळगावच्या दुकानातली नवी हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, सरळ हँडल, ॲल्युमिनियमची फ्रेम, टायर ३५चे, १५ हजारांच्या आसपास. तिसरी ऑनलाइन मिळणारी लोखंडी रोडबाईक, ती खोक्यात सुटी येते आणि जोडून देणारा इथे माझ्या ओळखीचा कोणी नाही.

उंची पाच फूट सात इंच, वजन ६८. पुढेमागे २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, शर्यत नव्हे) करायची फार इच्छा आहे. त्यासाठी रोडबाईकच लागते का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

गिरणाकाठ: भाऊ, कसाले घाई करस? आधी मोजमाप कर. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखी घट्ट वर दाबून धर आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सेंटिमीटर मोज. त्याला ०.६७ ने गुणलं की रोडबाईकच्या फ्रेमचा अंदाज येतो. ५६ची फ्रेम साधारण सहा फुटांच्या आसपासच्या माणसाची. तुझ्या उंचीला ती फुकट मिळाली तरी घेऊ नको. लहान फ्रेमने गुडघा गेला, मोठीने पाठ आणि मान जाईल.

सातपुड्याखाली: दादा, ब्रेव्हेला कोणतीही सायकल चालते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबणं धरून ताशी पंधराचा वेग. मी माझी पहिली ब्रेव्हे हायब्रिडवरच केली. आपल्याकडे वेगापेक्षा काटा मोठा. रस्त्याच्या कडेने बाभळी, त्यात कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंगावर येतात आणि कडेला उतरावंच लागतं. २५च्या टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी लागते, खड्ड्यात ट्यूब लगेच चिमटते. ३२ किंवा ३५ घ्या, हवा कमी ठेवा, हात आणि पाठ दोन्ही वाचतील.

अजून एक. रोडबाईकच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, तो आपल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला लागत नाही. पितळेचा छोटा ॲडॉप्टर मिळतो, तो कायम खिशात ठेवायचा. हायब्रिडला बहुतेक मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, नशिराबादला कुठेही हवा भरता येईल.

केळीबाग: जुनी सायकल वाईट असते असं नाही, मापाची मिळाली तर जरूर घ्या, पण फोटोवरून नको. चेनवर पट्टी ठेवा: एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर आली पाहिजे, बारा आणि एक अष्टमांशावर गेली तर चेन संपली आणि बहुधा मागचे दातेही. पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढेमागे हलवा, खटखट वाजलं तर हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, सैल. वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. आणि क्लॅरिसमध्ये ब्रेक-गिअर एकाच दांड्यात असतात. तो दांडा बिघडला तर सहसा दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. तेवढे पैसे बाजूला आहेत का?

मूळ प्रश्नकर्ता: सर्वांचे मनापासून आभार. वहीने तीनदा मोजलं, ७९ सेंटिमीटर. म्हणजे ५३. पुण्याच्या दादांना आत्ताच फोन करून नाही सांगितलं. वाईट वाटलं, पण गुडघ्याचं दुखणं पुन्हा विकत नाही घ्यायचं.

रविवारी जळगावला जाऊन हायब्रिड चालवून बघतो. दुकानदार काहीही म्हणो, टाच पॅडलवर ठेवल्यावर पाय सरळ होतो का ते स्वतः पाहीन. मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं आहेत का तेही बघेन, डबा बांधायचा असतो. उरलेल्या पाच हजारांत हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, पंप आणि दोन ट्यूब बसवायच्या आहेत. पहाटे अंधारात हायवेवर असतो, म्हणून दिव्यावर काटकसर करणार नाही. यूएसबीवर चार्ज होणारा, पहाटेचा तासभर पूर्ण उजेडावर टिकणारा पुढचा दिवा कोणी वापरत असेल तर कृपया नाव सांगा.