येशूचे दाखले: समजावण्यासाठी की चाळण्यासाठी?

कोरी_पाटी:
संडे स्कूलपासून एकच ऐकतोय: समोर साधी माणसं होती, म्हणून येशूने सोप्या बोधकथा, म्हणजे दाखले, सांगितले. मला हे पटत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूचरित्राचा) ४ था अध्याय काढा. बी पेरणाऱ्याचा दाखला झाल्यावर शिष्य अर्थ विचारतात, तर येशू म्हणतो की बाहेरच्यांना सगळं दाखल्यांतूनच मिळतं, म्हणजे त्यांनी पाहावं पण त्यांना दिसू नये, ऐकावं पण समजू नये. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं वचन आहे ते. अर्थ सांगतो तोही एकांतात, आपल्या माणसांना. दाखला ही चाळणी आहे. सोपं करण्याशी तिचा संबंध नाही.

वसईची_हवा:
साफ असहमत. त्याच अध्यायाचं ३३ वं वचन सोयीस्कर गाळलंत. तिथे लिहिलंय की लोकांच्या ऐकण्याच्या कुवतीप्रमाणे तो असे पुष्कळ दाखले देऊन बोलत असे. बी वाटेवर पडलं, खडकाळीत पडलं, काटेरी झुडपांत पडलं. चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट, शंभरपट आलं. गालीलातल्या शेतकऱ्याला यात न कळण्यासारखं काय आहे? आणि मार्कचं शुभवर्तमान साधारण इ. स. ७० च्या आसपासचं मानतात. आपल्याच यहुदी लोकांनी हा संदेश का नाकारला, हा प्रश्न तोवर सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीला छळत होता. 'समजू नये म्हणून' हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं मानणारे अभ्यासक कमी नाहीत.

कोरी_पाटी:
गोष्ट कळणं वेगळं, ती आपल्याबद्दल आहे हे कळणं वेगळं. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावलेली असते, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दावीद भडकून म्हणतो, असं करणारा मरणाला पात्र आहे. मग नाथान सांगतो, तो माणूस तूच. निकाल आधी, आरोपीचं नाव नंतर! येशू याच परंपरेतला. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला (यहुदी धर्मशास्त्राच्या जाणकाराला) तो गोष्ट सांगतो: वाटेत लुटून टाकलेल्या जखमी माणसाला धर्माची माणसं टाळून जातात, आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्यांतला एक शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. मग यांतला शेजारी कोण, असा शेवटी उलट प्रश्नच करतो, आणि उत्तर देताना 'शोमरोनी' हा शब्द त्या शास्त्र्याच्या तोंडून निघत नाही. 'दया करणारा' म्हणून सुटका करून घेतो बिचारा.

तिरपा_डोळा:
मी बाहेरचा, श्रद्धा वगैरे नाही. ज्या पद्धतीतून वाट्टेल तो अर्थ निघतो, ती शिकवण्याची पद्धत कशी? जुन्या काळातला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याने याच शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळेला चर्च केलं आणि तिच्या मालकाला प्रेषित पौल! १८८८ मध्ये युलिशर या जर्मन अभ्यासकाने असं रूपक लावणं मोडीत काढलं आणि प्रत्येक दाखल्याचा मुद्दा एकच असं बजावलं. बरं, मग लूकच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायातल्या अन्यायी कारभाऱ्याचा मुद्दा कोणता? नोकरी जाणार म्हणून तो धन्याच्या ऋणकऱ्यांची खाती परस्पर कमी करतो, शंभर माप तेलाचे पन्नास, शंभर माप गव्हाचे ऐंशी. आणि धनी त्याचीच वाहवा करतो. पुढच्या वचनांत तीन-चार वेगवेगळे बोध सलग आलेत. लूकलाही एकावर थांबता आलेलं दिसत नाही.

पोथीवाला:
इथे आपल्याकडची तुलना उपयोगी पडेल. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त आहेत. मांडणी ठरलेली: सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. सिद्धान्त आधी, गोष्ट मधे, तिचा अन्वय शेवटी. येशूकडे हा तिसरा भाग बहुतेक वेळा नसतोच. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात पैसा उडवून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो, म्हणून थोरला भाऊ रुसून घराबाहेर उभा राहतो, बाप बाहेर येऊन समजूत घालतो आणि दाखला संपतो. थोरला आत गेला का? 'हा पाप्यांबरोबर जेवतो' म्हणून कुरकुरणारे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि शास्त्री समोर होते. ते त्यांनी ठरवायचं.

वसईची_हवा:
मग ही चाळणी कुठे झाली? हे तर आत बोलावणं झालं. द्राक्षमळ्याचा दाखलाही तसाच. मळ्याचा धनी दिवसभर मजूर आणत राहतो, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार (दिवसाची मजुरी), पहाटेपासून राबलेल्यालाही तेवढाच. मेख आहे ती मजुरी वाटण्याच्या क्रमात. धनी मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करायला सांगतो. पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते ठरलेला दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते. त्यांना ते दिसावं, अशीच रचना आहे. 'दिसू नये म्हणून' हे सूत्र इथे बसवून दाखवा.

तिरपा_डोळा:
बसवायचं कशाला? पंधरा वर्षं युनियनमध्ये काढलीत, मी कुरकुरणाऱ्यांच्याच बाजूने. समान कामाला समान दाम.

कोरी_पाटी:
@वसईची_हवा, हे घ्या. दाखवलं सगळ्यांनाच, दिसलं कोणाला ते बघा.

वसईची_हवा:
एका माणसाला पटलं नाही म्हणून दाखला चाळणी ठरत नाही हो. धनी त्या कुरकुरणाऱ्यालाही 'मित्रा' म्हणूनच हाक मारतो, मत्तय २०:१३.