धंदा वाढवायच्या वयात गोल्फ खेळणं चुकतंय का माझं?

भोसरीचा_टर्नर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. वय ४२, भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, तीन व्हीएमसी (मिलिंगची मशीनं), दोन सीएनसी टर्निंग, चौदा माणसं. शेवटच्या व्हीएमसीचं लोन अजून चार वर्षं आहे.

गेल्या दिवाळीनंतर एका कस्टमरकडच्या साहेबांनी येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर गेस्ट म्हणून नेलं. पुण्याच्या मधोमध एवढं गवत आणि एवढी शांतता आहे हे मला माहीतच नव्हतं. पहिले वीसेक बॉल हुकले, मग सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी पात्याच्या क्लबने) एक असा बसला की हाताला काही जाणवलंच नाही, बॉल नुसता जात राहिला. टूल बरोबर लागलं की मशीनचा आवाज बदलतो आणि जॉबवर आरशासारखा फिनिश येतो ना, तसंच अगदी. तेव्हापासून वेड लागलंय. बॉल ४२.६७ मिमी, होल १०८ मिमी, आणि ते गाठायला कधी कधी चारशे-पाचशे मीटर जायचं, मला तर ही सगळी टॉलरन्सचीच गोष्ट वाटते.

आता दर रविवारी ड्रायव्हिंग रेंजला, म्हणजे नुसते बॉल मारायच्या सरावाच्या जागी, जातो, महिन्यातून एकदा कोर्सवर. गोल्फच्या ग्रुपमधली मंडळी माझ्यापेक्षा खूप पुढे गेलेली आहेत, ते मेंबरशिप घे म्हणतायत, नवीन फुल सेट घे म्हणतायत, आणि फेब्रुवारीत थायलंडला गोल्फ ट्रिप ठरतेय.

वडील काही बोलत नाहीत पण मला कळतं. त्यांनी ३३ वर्षं आकुर्डीत शिफ्ट केल्या. कंपनीच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होते, प्राधिकरणातल्या घराचे हप्ते चालू झाले तेव्हा ओव्हरटाइमसाठी टीम सोडली आणि परत कधी खेळले नाहीत. मी रविवारी बॅग उचलली की ते पेपर वर धरतात.

माझा प्रश्न सरळ आहे. आधी लोन फेडायचं, धंदा मोठा करायचा आणि मग मजा, हे बरोबर की आत्ताच जमेल तसं करायचं? आणि गोल्फमुळे कामं मिळतात हे खरं आहे का? मला खरंच कळत नाहीये.

देवळाली_कॅम्प

टर्नरसाहेब, मी फौजेतून रिटायर झालोय, कॅप्टन असताना आमच्या सीओंनी (कमांडिंग ऑफिसरनी) जबरदस्तीने शिकवलं, आज ६८ व्या वर्षी आठवड्यातून तीनदा खेळतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. कामं मिळवायला म्हणून कोर्सवर जाऊ नका. चार तास एखाद्याबरोबर चाललात की तो माणूस कसा आहे हे समजतं, झाडामागे पडलेला बॉल हळूच पायाने सरकवतो का, बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघाल्यावर वाळू सारखी करतो का, बॅग उचलणाऱ्या कॅडीशी कसा बोलतो. तेवढंच तुमच्याबद्दलही त्याला समजतं. त्यातून ओळख पक्की होते हे खरं, पण ऑर्डर तुमच्या जॉबच्या क्वालिटीवरच येणार.

दुसरं, या खेळात हँडिकॅप नावाची फार सुंदर गोष्ट आहे. कमी स्ट्रोकमध्ये, म्हणजे फटक्यांत, संपवणारा जिंकतो, म्हणून कच्च्या खेळाडूला ठरलेले जादा स्ट्रोक मिळतात, २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो. त्यामुळे मी माझ्या नातवाबरोबर बरोबरीने मॅच खेळू शकतो आणि तो खरोखर जिंकू शकतो. असा दुसरा खेळ मला माहीत नाही. आपला गोल्फर अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचाच, वडील आर्मीत डॉक्टर, आठव्या वर्षी वडिलांनीच हातात क्लब दिला. ही लक्झरी आहे असं मला कधी वाटलं नाही, आम्हाला तो संध्याकाळचा व्यायाम होता.

डोंबिवली_सीए

काका, तुम्हाला वाटलं नाही कारण फौजेत कोर्स स्वस्तात मिळतो, सिव्हिलियनला तसं नाही, आणि हे म्हणताना मला खेळाबद्दल काही राग नाही. टर्नरदादा, मी माझ्या क्लायंटला सांगते तेच सांगते. चौदा माणसांचे तीन महिन्यांचे पगार आणि तीन ईएमआय वेगळे शिल्लक पडलेत का? पडले असतील तर तुमच्या घरच्या ड्रॉइंगमधून (धंद्यातून घरासाठी काढता त्यातून) जे उरतं त्यातला ठरावीक भाग खुशाल खेळावर घाला, लोन संपायची वाट बघू नका, कारण धंदा वाढवणाऱ्या माणसाचं लोन कधी संपत नाही, हे संपायच्या आत सहावं मशीन येतं. पण पडले नसतील तर मेंबरशिपचं नावही काढू नका. ग्रीन फी (त्या दिवसापुरती फी) भरून खेळता येतं तिथे खेळा, खारघरला सिडकोचा कोर्स आहेच.

आणि कृपा करून हे फर्मच्या खर्चात दाखवायला जाऊ नका, क्लबच्या मेंबरशिपवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते बंदच केलेलं आहे. बरेच जण "बिझनेस एक्स्पेन्स आहे" म्हणून घेतात आणि नंतर व्याजासकट भरतात. स्वतःची हौस स्वतःच्या पैशाने केली की ती मोकळ्या मनाने करता येते.

थायलंड या वर्षी नको, एवढंच माझं स्पष्ट मत. ज्यांच्याबरोबर जाताय त्यांचा खर्चाचा हात वेगळा आहे आणि तिथे चार दिवस प्रत्येक बिलाला तुमचा जीव खालीवर होईल.

मृण्मयी_चिंचवड

सगळ्यांनी पैशाचं लिहिलं. दादा, तुम्ही वडिलांबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं, पण तुमच्या पोस्टमध्ये तुमची बायको कुठेच नाहीये. मुलं आहेत का? रविवारी सकाळी ती कुठे असतात?

माझा नवरा गोल्फ नाही, सायकलिंग करतो. रविवारी पहाटे पाचला सिंहगड, मग ग्रुपबरोबर नाश्ता, घरी यायला साडेअकरा, मग झोप. दोन वर्षं मी काही बोलले नाही कारण तब्येतीसाठी करतोय, चांगलंच आहे. पण मलाही सोमवार ते शनिवार नोकरी आहे आणि रविवारच्या डोशाचं पीठ, मुलाचा प्रोजेक्ट, सासूबाईंच्या गोळ्या हे सगळं त्या सहा तासांत माझ्या एकटीच्या अंगावर. मी गाणं शिकत होते ते त्याच काळात सुटलं. शेवटी आम्ही बसून बोललो, आता एक रविवार त्याचा, एक माझा, उरलेले घरचे. मी परत क्लासला जाते, राग यमन परत पहिल्यापासून चालू केलाय आणि मला फार छान वाटतंय.

म्हणून माझं म्हणणं, मजा आत्ता की नंतर याच्या आधी, मी खेळतो तेव्हा माझं काम कोण करतं हे बघा. आणि भोसरीत गुरुवारी सुट्टी असते ना? मुलं शाळेत, कोर्सवरही गर्दी कमी, रविवार घरी मोकळा. गुरुवारी का नाही जात?

चेंबूर_कॅम्प

मी बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या जवळच वाढलो. आमच्या भागातली बरीच पोरं तिथे कॅडीचं काम करतात, आणि खेळायची एवढी ओढ की लोखंडी सळई वाकवून क्लब बनवायचा, प्लास्टिकचा बॉल घ्यायचा आणि गल्लीत पत्र्यांच्या आणि गटारांच्या मधून खेळायचं. चिपिंग, म्हणजे बॉल थोडासा उचलून जवळ टाकणं, असं करतात की बघत राहाल, कारण जागाच नाही, बॉल उचलूनच टाकावा लागतो. गोल्फर एसएसपी चौरसिया माहितेय ना, वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबला मैदानाची निगा राखायचे, पोरगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६, २०१७ लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. त्याच्या आधी दिल्लीचा अली शेर, कॅडीच होता, १९९१ ला जिंकला. म्हणून गोल्फ म्हणजे श्रीमंतांचाच असं कोणी म्हणलं की मला मनाला लागतं. जागा श्रीमंतांची आहे, खेळ नाही. दादा तुम्ही फुल सेट घेऊ नका, बॅगेत नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात पण शिकाऊ माणसाला सहा पुरतात, होलजवळ ढकलायला पटर, वाळूतून काढायला सॅंड वेज, तीन आयर्न आणि लांबच्या फटक्याला एक हायब्रिड, तेही जुने. आणि कॅडीला विचारत जा, तो ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताचा, उतार वाचून सांगतो ते सोन्यासारखं असतं. टिप नीट द्या.

एडिसनहून

इकडे न्यू जर्सीत काउंटीचे पब्लिक कोर्स आहेत, माझ्याबरोबर प्लंबर, शाळेतले शिक्षक, पोस्टातले लोक खेळतात. लाँग आयलंडला बेथपेज ब्लॅक आहे, चक्क स्टेट पार्कमधला कोर्स, तिथे २००२ आणि २००९ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा झाली, आणि आपल्यासारखा कोणीही नंबर लावून त्याच गवतावर खेळू शकतो. लोक आदल्या रात्री गाडीत झोपून नंबर लावतात. मूळचा मी नाशिकचा, आमच्याकडे गोल्फ क्लब म्हणलं की क्रिकेट, सभा आणि सकाळी चालणारे लोक, ते नाव तेवढं राहिलंय. गावागावात नऊ होलचा एक पब्लिक कोर्स, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर वाढवलेला, असं कधी होईल तर फार बरं होईल.

टर्नर, मी चाळीशीत फक्त काम केलं. ५१ व्या वर्षी स्टेंट पडला, मग डॉक्टरने चाला म्हणून सांगितलं तेव्हा क्लब हातात घेतला. दहा वर्षं आधी घेतला असता तर खांदा एवढा आखडला नसता, आता बॅकस्विंग (फटक्याआधी क्लब मागे नेणं) अर्धाच होतो. तुमचं अंग अजून वळतंय तोवर शिका.

भोसरीचा_टर्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयीताई, तुमचं वाचून रात्री बायकोला दाखवलं, तिने वाचलं आणि म्हणाली बरोबर लिहिलंय, बाकी काही नाही बोलली, ते जास्त लागलं. गुरुवारी मी युनिटवर जाऊन बिलं आणि मेंटेनन्स बघत बसायचो, ते आता बुधवारी संध्याकाळी सुपरवायझरकडे दिलं. दोन गुरुवार झाले, रविवार घरी. तिला शनिवारी संध्याकाळी पोहायला जायचंय, मुलं माझ्याकडे.

सीए ताई, तीन महिन्यांचे पगार शिल्लक पडलेले नाहीत, दीड महिन्याचेच आहेत. मेंबरशिप आणि थायलंड दोन्हीला नाही सांगितलं. ग्रुपमध्ये सांगताना जड गेलं पण कोणी काही वाईट बोललं नाही. जुना अर्धा सेट मिळालाय, ग्रिप बदलून घेतल्या.

वडील परवा आपणहून विचारत होते की रेंजवर एका बकेटमध्ये बॉल किती येतात आणि सगळे मारून संपवावे लागतात का. पुढच्या गुरुवारी येतो म्हणालेत, गुडघ्याला पट्टा बांधून.

देवळालीकाका, एक विचारायचं होतं. डाव्या हाताचा अंगठा आणि मनगट दोन-तीन दिवस दुखतंय, पन्नासेक बॉल झाले की चालू होतं. मी सळई धरावी तसं घट्ट धरतोय का, की रेंजवरच्या चटईवरून मारल्याने दणका बसतोय?