मदत हवी: स्क्वीझिंग १ डीबीच्या पुढे सरकेना

चिमटा:
लेसरचा नॉइज शॉट नॉइजच्या (साध्या लेसर प्रकाशाच्या क्वांटम नॉइजच्या) खाली दाबायचाय, तेच स्क्वीझिंग. ओपीओमधून (स्क्वीझ्ड प्रकाश बनवणारं क्रिस्टलचं उपकरण) हिशोबाने ६ डीबी यायला हवं, होमोडाइनवर (तो मोजणारा डिटेक्टर) जेमतेम १ दिसतंय. अलाइनमेंट झालीय, कृपया तेच सांगू नका. उद्या गाईडना आकडा दाखवायचाय. लवकर सांगा.

फोटॉनपंत:
तरंगलांबी? व्हिजिबिलिटी (दोन किरण किती जुळतात)? डार्क नॉइज (प्रकाश नसताना डिटेक्टरचा)? अँटीस्क्वीझिंग (दुसऱ्या बाजूला फुगलेला नॉइज) किती? नुसत्या १ डीबीवरून काय पत्रिका मांडायची?

निवांत:
आमच्याकडे अस्संच व्हायचं. एसीचा झोत थेट टेबलावर यायचा. फेज (दोन लहरींचा ताळमेळ) हलतेय तुमची. लॉक घट्ट करा, झालं.

चिमटा:
१०६४ नॅनोमीटर, अजून काय असणार? व्हिजिबिलिटी ०.९८. लोकल ऑसिलेटर (तुलनेचा लेसर किरण) बंद केला की नॉइज १५ डीबी खाली जातो. अँटीस्क्वीझिंग अडीच.

फोटॉनपंत:
मग फेज नाही. ती थरथरत असती तर अँटीस्क्वीझिंग सहाच्या जवळपास राहिलं असतं. इथे दोन्ही बाजू खचल्यात, म्हणजे प्रकाश वाया जातोय. ६ डीबीचा १ व्हायला जवळजवळ पाऊण हिस्सा फोटॉन हरवावे लागतात. डायोड (प्रकाश टिपणारा) कुठला?

निवांत:
फेज सरसकट नाकारू नका हो.

सदू:
एवढं कशाला, लेसरची पॉवर वाढवा की! शॉट नॉइज आपोआप मागे पडतो.

आरसेमहाल:
@सदू, तो शॉट नॉइजच्याच तुलनेत मोजतोय, पॉवरने काय होणार? आणि लायगोत (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) नुसती पॉवर वाढवली तर कमी फ्रीक्वेन्सीला प्रकाशाच्या दाबाने आरसेच हलायला लागतात. २०१९ पासून ते स्क्वीझ्ड प्रकाश सोडतात. पुढे त्यासाठी ३०० मीटरची फिल्टर कॅव्हिटी (आरशांमधली पोकळी) बांधावी लागली, ती काय हौस म्हणून?

रानवारा:
औंढा नागनाथच्या लायगोत भरती निघाली का? भाचा इन्स्ट्रुमेंटेशनला आहे.

चिमटा:
डायोड सिलिकॉनचा, कपाटात तोच होता. डेटाशीटवर ११०० पर्यंत चालतो असं स्पष्ट लिहिलंय.

फोटॉनपंत:
चालतो हो, पण १०६४ ला बराच प्रकाश सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. अँपिअर प्रति वॅटचा आलेख बघा. एकूण एक फोटॉन मोजला गेला तर ०.८६ येतं.

चिमटा:
०.२४ आहे. 😐

आरसेमहाल:
घ्या! सापडले फोटॉन.

निवांत:
तरी एसी बंद करून बघाच.

चिमटा:
पण उद्यापर्यंत दुसरा डायोड आणू कुठून?

फोटॉनपंत:
उद्या १ डीबीच दाखवा, शेजारी हा लॉसचा हिशोब मांडा. अडीचचा आकडाही त्यात बसतो, गाईडना तेवढं पुरेल. मग इंडियम गॅलियम आर्सेनाइडची जोडी मागवा, दोन्ही एकाच बॅचचे.