अनुभव धागा: कॉलेज वाढत होतं, आपण तिथे होतो

आपण शिकत असतानाच कॉलेजही वाढत होतं, असं इथल्या बऱ्याच जणांचं झालं असणार. पहिली बॅच, नवी इमारत, नवं विद्यापीठ, वाढीव तुकड्या. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे सगळेच म्हणतात. नेमकं काय नव्हतं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत काय आलं, काय गेलं ते लिहा. कॉलेजचं नाव नाही दिलंत तरी चालेल. सुरुवात माझ्यापासून.

सिव्हिल, १९८४ ची बॅच

१९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी मी अशा एका कॉलेजात दाखल झालो. तोवर सरकारी कॉलेजात नंबर न लागलेली मुलं देणगी मोजून कर्नाटकात जात. आमचं कॉलेज म्हणजे संस्थेच्या हायस्कूलचे काही वर्ग आणि मागे पत्र्याची शेड. वर्कशॉप नव्हतंच, फिटिंगचे जॉब घासायला रविवारी जवळच्या आयटीआयमध्ये जायचो.

पण खरी गोची वेगळीच होती. आम्हाला सीनियर नव्हते. रॅगिंग नाही म्हणून घरचे खूश. इकडे उतरवायला कुणाचं जर्नल नाही, जुने पेपर नाहीत, ड्रॉइंगची जीटी मारायची तर काचेवर ठेवायला शीटच नाही! (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी. निम्मा महाराष्ट्र असाच इंजिनिअर झालाय.) मग काय, सर्व्हेइंगची रीडिंगं खरोखर घ्यावी लागली, डम्पी लेव्हल खांद्यावर टाकून ज्वारीच्या रानातून. पुढच्या वर्षी ज्युनियर आले आणि आमची जर्नलं जी गेली ती गेलीच.

विद्यापीठाची समिती येणार त्याच्या आदल्या रात्री टेम्पो भरून पुस्तकं आली. शिक्के आम्हीच मारले. शाई वाळेना म्हणून पुस्तकं पंख्याखाली उघडी पसरून ठेवली होती. समिती गेल्यावर त्यातली किती राहिली, ते विचारू नका.

शेवटच्या वर्षी नव्या इमारतीचं काम निघालं. आमच्या सरांनी काँक्रीटचे क्यूब आमच्याकडूनच भरून घेतले, पाण्यात ठेवायला लावले आणि २८ दिवसांनी फोडायला लावले. स्लॅबची सळई बांधताना अंतर मोजायलाही आम्हीच. आरसीसी जे काही आलं ते तिथेच आलं. त्या इमारतीत बसून लेक्चर मात्र आमच्यातल्या एकानेही ऐकलेलं नाही.

बी.ए., १९८९ ते ९२, जळगाव जिल्हा

आमचं तालुक्याचं कॉलेज, विद्यापीठ पुणे. कागदपत्राचं काही अडलं की दादा रात्रीची एसटी धरायचे. मी एसवायला असताना, १५ ऑगस्ट १९९० ला, जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजात पेढे वाटले, आणि त्याच दिवसापासून कुजबुज: "या नव्या विद्यापीठाच्या डिग्रीला पुण्यात कोण विचारणार?" (आता त्याच्या नावात बहिणाबाईही आहेत. तेव्हा कुजबुजणाऱ्यांची नातवंडं तिथेच शिकताहेत.)

मला विचाराल तर विद्यापीठापेक्षा मोठा बदल लेडीज रूमचा. एफवायला आम्ही मुली बोटावर मोजण्याइतक्या. जिन्याखालची अंधारी खोली, तिथेच खेळाचं सामान. मॅट टाकायला शिपाई केव्हाही दार ढकलायचा. टीवायपर्यंत मुली इतक्या वाढल्या की वरच्या मजल्यावर धड खोली द्यावी लागली: खिडकी, बाक, नळ, आणि आतून लागणारी कडी. लांबच्या गावाहून येणाऱ्या मुली त्या कडीमुळे दुपारच्या तासांना थांबू लागल्या. कॉलेजच्या अहवालात हे सापडायचं नाही.

बी.एस्सी., २००९ ते १२, सोलापूर

इमारत कुणाला हवी होती? आम्हाला मास्तर हवे होते. ए तुकडी अनुदानित, आमची बी तुकडी कायम विनाअनुदानित. वर्ग शेजारी शेजारी, फी भलतीच वेगळी. शिकवायला सगळे तासिका तत्त्वावरचे. ज्या सरांशी ओळख व्हायची ते जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात दिसायचे. मुलं वाढली तशी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट वाटून घ्यावी लागली. एकाने टायट्रेशन करायचं, बाकीच्यांनी त्याच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग बघून आपापलं रीडिंग लिहायचं, आणि संशय नको म्हणून शेवटचा दशांश जरा इकडेतिकडे. त्याच वर्षी गेटवर पीजी सेंटरची पाटी लागली.

मेकॅनिकल, २०१९ ते २३, पुणे

पहिल्या प्रतिसादातलं "सीनियर नव्हते" वाचून हसू आलं. मी सीओईपीचा, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे. १८५४ पासूनचं कॉलेज, तिथे सीनियरांना काय तोटा? पण मार्च २०२० ला घरी पाठवलं, ते परत आलो तेव्हा बोट क्लबवर ज्यांनी आम्हाला वल्हं धरायला शिकवलं ते पास होऊन गेले होते. मधल्या बॅचने स्क्रीनवर लेक्चरं ऐकली होती, नदीत बोट घातली नव्हती. आम्हालाही निम्मंच येत होतं.

२०२२ ला कॉलेजचं विद्यापीठ झालं, त्याचं कौतुक पेपरात खूप आलं. त्या काळात आम्ही मात्र पास होऊन गेलेल्यांना फोन करत होतो. हिंजवडीत नोकरीला लागलेले दोघंतिघं रविवारी सकाळी यायचे, काठावरून ओरडून ओरडून शिकवायचे आणि चहाचे पैसेही तेच द्यायचे.