मदत हवी आहे: सुशीच्या दुकानात दाशीबद्दल, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या अर्काच्या पाण्याबद्दल, नेमकं कसं विचारायचं?

तोक्योत निशी-कासाईला, घराजवळच्या छोट्या सुशीच्या दुकानात सासूबाईंना न्यायचंय. त्या शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. कोम्बूची दाशी चालते, कोम्बू म्हणजे समुद्रशेवाळ. अडचण कात्सुओच्या, म्हणजे सुकवलेल्या मासळीच्या दाशीची.

'साकाना नुकी', म्हणजे 'मासा वगळून', सांगून पाहिलं. माशाचा तुकडा वगळतात, दाशी मात्र मासा म्हणून कोणी धरतच नाही. इनारी, म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेली सुशी, तिची पिशवी सहसा दाशीतच मुरवलेली असते. काम्प्यो म्हणजे आपल्या दुध्या भोपळ्याच्याच वाळवलेल्या पट्ट्या, त्याही बऱ्याचदा दाशीत शिजवतात. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सोबत येणाऱ्या पुडीतल्या सॉसमध्येही बहुधा कात्सुओ असतो. टेबलावरची बाटली कधी साध्या शोयूची, म्हणजे सोया सॉसची, कधी दाशी-जोयूची, म्हणजे दाशी घातलेल्या सोया सॉसची. म्हणून काप्पामाकी, म्हणजे काकडीचा रोल, आणि आवोकाडो एवढंच ठरवलंय. पण भाताचं व्हिनेगर तयार मिश्रणाचं असेल तर त्यातही कात्सुओचा अर्क असू शकतो.

बाहेरचं खाणं तिथे चालत नाही. माझं जपानी कामचलाऊ आहे, शेफ एकटेच असतात, म्हणून गर्दीआधी साडेपाचला जाणार. भाताच्या व्हिनेगरमध्ये आणि शोयूमध्ये कात्सुओ आहे का, हे त्यांना वाईट न वाटता एका वाक्यात जपानीत कसं विचारायचं?