लांब-रुंद फळ्यांना बॉक्स जॉइंट, पण फळी जिगवर उभी राहत नाही

सागवानी_पेटी
सागाची पेटी करायची आहे, कोपऱ्यांना बॉक्स जॉइंट, म्हणजे एकमेकांत बसणारे चौकोनी दात. लांब फळ्या 1500 × 450 मिमी, आखूड 450 × 450, जाडी 18. दात 18 मिमीचे, म्हणजे रुंदीत 25. टेबल सॉ 850 मिमी उंच आणि पोटमाळा सात फुटांवर, त्यामुळे लांब फळी उभी राहत नाही. शिवाय जिगवर (सॉवर सारख्या अंतराने दात कापायचा साचा) शेवटच्या दातापर्यंत दोन मिमीचा फरक पडतो. काय करावं?

रंधा_पटाशी
लांब फळी जिगवर नेऊच नका. दर दाताला 0.1 मिमी चुकलं की पंचविसाव्या दाताला 2.5 होतात. आधी आखूड फळ्या सॉवर कापा, खोली 18.5. शेवटचा दात 17 चा निघाला तरी बिघडत नाही, कारण लांब फळी मोजून आखायचीच नाही. ती बाकावर आडवी ठेवा, टोकापासून 18.5 वर गुण्याने रेघ मारा, आखूड फळीची आतली बाजू रेघेला लावून उभी धरा आणि दात धारदार चाकूने उतरवून घ्या. कोपऱ्यांना नंबर घाला, अदलाबदल झाली की जोड बसत नाही.

दातांच्या बाजू बारीक करवतीने कापा, रेघ राखून. दातांमधला टाकाऊ माल जिगसॉने (हातात धरायची विजेची करवत) काढा, तळाला दीड मिमी ठेवा. मग रेघेवर सरळ पट्टी क्लॅम्प करून राऊटरच्या (लाकूड कोरायचं यंत्र) वर बेअरिंग असलेल्या 12 मिमी बिटने, बेअरिंग पट्टीला टेकवून, तळ साफ करा. कोपऱ्यात 6 मिमीची गोलाई राहतेच; ती पटाशीने, अर्धी वरून, अर्धी खालून. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडे चिपळ्या उडतात.

काटकोन
450 रुंद फळीला थोडा बाक येतोच, आणि मग आखणी सरकते. रेघेपासून 40 मिमी आत, वर-खाली जाड सरळ रीप लावून फळी सपाट दाबा. राऊटर चालवताना खाली टाकाऊ प्लाय हवाच.
फळ्या जोडून रुंदी करणार असाल तर 150-150-150 नको. जोडाची रेघ दाताच्या काठापासून 6 मिमीवर येते आणि तेवढा पातळ काप सुटतो. 135-180-135 घेतलं की दोन्ही रेघा बरोबर दाताच्या मध्यावर पडतात.

सागवानी_पेटी
हे लक्षातच आलं नव्हतं. दात किती घट्ट ठेवू?

रंधा_पटाशी
कोरडा जोड हाताने अर्धा जावा, उरलेला लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. याहून घट्ट असेल तर गोंदातल्या पाण्याने दात फुगून मध्येच अडकतात. एका वेळी एकच आखूड फळी, म्हणजे दोन कोपरे. गोंद दातांच्या गालांना, म्हणजे बाजूंना, ब्रशने लावा. क्लॅम्पखालची पट्टी दातांना लागून आतल्या अंगाला ठेवा. शेंडे अर्धा मिमी बाहेर असतात, त्यांच्यावर दाब आला तर खांदा (दातांमधल्या खाचेचा तळ) टेकत नाही.